झाकणे वेगळे, लपवणे वेगळे

हिजरी सन १७, म्हणजे इसवी सन ६३८च्या सुमाराची गोष्ट. बसऱ्याचे सुभेदार हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांच्यावर व्यभिचाराचा आरोप झाला आणि प्रकरण मदिनेत खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे आले. अशा आरोपाला चार साक्षीदार लागतात. तिघांनी ठाम साक्ष दिली, चौथ्याची साक्ष अपुरी पडली. आरोप सिद्ध झाला नाही, आणि कुरआनच्या आदेशाप्रमाणे आळ घेतल्याबद्दल त्या तिघांनाच फटक्यांची शिक्षा झाली. नंतर हजरत उमर यांनी त्यांच्यापुढे एक वाट मोकळी ठेवली. म्हणणे मागे घ्या, तौबा करा, पुढे तुमची साक्ष स्वीकारली जाईल. दोघांनी ते मान्य केले. तिसरे होते हजरत अबू बकरा (रजि.). त्यांनी नकार दिला. त्यानंतर त्यांची साक्ष न्यायाच्या कामात घेतली गेली नाही.

गोष्ट इथे संपत नाही. याच अबू बकरा यांनी सांगितलेल्या हदीस बुखारी शरीफमध्ये आहेत आणि त्या आजही प्रमाण मानल्या जातात. ज्यांची गवाही काझीपुढे चालली नाही, त्यांचा शब्द दीनच्या बाबतीत चालला. माणसावर एकदा डाग लागला की तो सगळ्याच बाबतीत अविश्वासू ठरतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही. कोणत्या कामासाठी भरवसा ठेवायचा आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

हा इतिहास मी अलीकडे पुन्हा काढून बसलो, त्याला कारण अर्जुनी मोरगावातले एक ओळखीचे घर. गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यातले हे तालुक्याचे गाव. वडिलांचा धानाचा लहानसा व्यापार. घरातली धाकटी मुलगी वकिलीची पदवी घेऊन बसली आहे आणि परदेशातल्या एका विद्यापीठात कायद्याच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज भरते आहे. अर्जात एक रकाना आहे: यापूर्वी कोणत्याही शिक्षणसंस्थेत तुमच्यावर गैरवर्तनाबद्दल कारवाई झाली आहे का? असल्यास तपशील द्या.

तिच्यावर झाली होती. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी भरारी पथकाला तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. कॉपी केस झाली, त्या परीक्षेची संपादणूक रद्द झाली, वर्ष गेले. पुढच्या वर्षी ती त्याच विषयांत चांगल्या गुणांनी पास झाली. आज तिच्या गुणपत्रिकेत एका वर्षाची फट दिसते, बाकी काही नाही.

घरात तीन मते पडली. अम्मी म्हणाली, अल्लाहने झाकले ते तू का उघडतेस? मोठा भाऊ म्हणाला, आपले नाव वाचूनच लोक दोनदा बघतात, त्यात हे आणखी कशाला? वडील म्हणाले, खरे ते लिही. आणि मुलीने मला विचारले, चाचा, लिहू की नको?

तिघांच्याही म्हणण्यात वजन आहे. म्हणून उत्तर एका ओळीत देता येत नाही.

अम्मीचे म्हणणे

अम्मीच्या मागे मोठी परंपरा आहे. स्वतःचे गुनाह चव्हाट्यावर मांडत फिरणे इस्लामला पसंत नाही. रात्री झालेली चूक सकाळी स्वतःच लोकांना सांगत सुटणाऱ्याबद्दल पैगंबरांनी (स.) नापसंती दाखवली आहे. एका सहाबीने आपला गुन्हा स्वतः येऊन कबूल केला, तेव्हा त्याला पाठवणाऱ्याला पैगंबरांनी (स.) सांगितले की तू त्याच्यावर पांघरूण घातले असतेस तर ते तुझ्यासाठी चांगले झाले असते. या पांघरुणाला ‘सत्र’ म्हणतात. बंदा आणि अल्लाह यांच्यातला हिशेब तौबेने मिटतो, त्यासाठी तिसऱ्या माणसाची गरज नाही. आपल्याकडे पाद्र्यापुढे कबुली देण्याची पद्धत नाही, ती यामुळेच.

पण त्याच पैगंबरांची (स.) बाजारातली गोष्टही आपल्याला ठाऊक आहे. धान्याच्या ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले निघाले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पैगंबरांनी (स.) विचारले की मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? धानाचा व्यापार करणाऱ्या घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाऊस लागणे हा गुन्हा नव्हता. ओला भाग कोरड्याखाली दाबून सगळ्याचा भाव मागणे हा होता. फिकहमध्ये यावरून व्यापाराचा पक्का नियम झाला: मालातला दोष विकणाऱ्याने सांगायचा, नाहीतर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क राहतो.

म्हणजे दोन वेगळ्या जागा आहेत. माझी चूक माझ्यापाशी आहे, तोवर ती झाकण्याचा मला हक्क आहे. पण समोरच्याकडून मी भरवसा मागतो आहे आणि तो भरवसा ज्यावर उभा आहे तीच गोष्ट त्याने विचारली आहे, तेव्हा ती झाकली तर ते सत्र राहत नाही, ती फसवणूक होते. वकिली म्हणजे दुसऱ्याच्या वतीने न्यायालयापुढे शब्द देण्याचे काम. त्या कामाचे दार उघडणाऱ्याने शब्दाबद्दल विचारले, तर तो आपल्या खाजगी आयुष्यात डोकावतो आहे असे म्हणता येत नाही.

तौबेनंतर काय?

चूक सांगितली, तौबा केली, तरी पुढे काय? यावर आपल्याच इमामांत मतभेद आहेत. सूरह नूरच्या चौथ्या आणि पाचव्या आयतीत खोटा आळ घेणाऱ्याची शिक्षा आहे, त्याची साक्ष कधीही घेऊ नये असे आहे आणि मग तौबा करणाऱ्यांचा अपवाद आहे. हा अपवाद कुठवर लागू? हनफी फुकहा म्हणतात, तौबेने त्याचा ‘फासिक’ हा शिक्का पुसला जातो, पण अशा शिक्षेनंतर साक्षीचा अधिकार परत मिळत नाही. शाफई, मालिकी आणि हंबली म्हणतात, साक्षही परत मिळते. विदर्भातले आपण बहुतेक हनफी, कोकणातले बहुतेक शाफई. म्हणजे एकाच महाराष्ट्रात, एकाच आयतीवर, दोन उत्तरे शतकानुशतके सोबत नांदत आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टनने केलेले इंग्रजी भाषांतर १७९१मध्ये छापले गेले, तेव्हा हा वाद इंग्रज न्यायाधीशांच्या मेजावरही पोहोचला.

साक्षीदाराची चौकशी करायची की नाही, यावरही मतभेद होता. काझी साक्षीदारांच्या वागणुकीची उघड आणि गुप्त माहिती काढत असे. तिला ‘तजकिया’ म्हणत. इमाम अबू हनीफा यांचे मत असे की हद आणि किसासचे गंभीर खटले सोडले, तर समोरच्या पक्षाने हरकत घेतल्याशिवाय वरवर नेक दिसणाऱ्याचा भूतकाळ खणू नये. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, म्हणाले, चौकशी प्रत्येक वेळी हवी. आजच्या अर्जात तो रकाना असावा की नसावा, हा वाद इतका जुना आहे.

हदीसच्या विद्वानांनी तर यापुढे जाऊन बारकावे केले. रोजच्या बोलण्यात खोटे बोलणाऱ्याने तौबा केली तर त्याची रिवायत स्वीकारायची, यावर साधारण एकमत. पण हदीसमध्येच जाणूनबुजून खोटे बोलला असेल तर? इमाम अहमद बिन हंबल आणि बुखारींचे उस्ताद हुमैदी म्हणाले, तौबेनंतरही नाही. तेराव्या शतकात इमाम नववी यांनी ते मानले नाही. त्यांच्या मते तौबा खरी असेल तर तिचा परिणाम इथेही झाला पाहिजे.

आणि त्यांनी एका गोष्टीला खास नाव दिले: ‘तदलीस’. यात माणूस सरळ खोटे बोलत नाही. ज्याच्याकडून हदीस प्रत्यक्ष ऐकली नाही, त्याचे नाव तो अशा शब्दांत घेतो की ऐकणाऱ्याला वाटावे, याने स्वतः ऐकली. मधला कच्चा दुवा शब्दांच्या आड जातो. अशा माणसाच्या बाबतीत मुहद्दिसांचा नियम असा: मोघम शब्दांत सांगेल तर घेऊ नका, ‘मी स्वतः ऐकले’ असे स्पष्ट सांगेल आणि माणूस बाकी भरवशाचा असेल तर घ्या.

मुलीला कुणीतरी सुचवले होते की रकान्यात ‘वैयक्तिक कारणामुळे एका वर्षाचा खंड’ असे लिही. खोटेही नाही आणि अडचणही नाही. हीच तदलीस.

भावाचे म्हणणे

भावाची भीती पोकळ नाही, आणि ती फक्त आपल्या समाजाचीही नाही. ‘चारित्र्य’ या शब्दाच्या नावाखाली वकिलीचे दार राजकारणासाठी बंद केल्याचा इतिहास आपल्याच लोकांचा आहे. १९०९मध्ये लंडनच्या ग्रेज इनने विनायक दामोदर सावरकर यांना, परीक्षा पास होऊनही, बॅरिस्टर म्हणून घेतले नाही. त्याच वर्षी इनर टेम्पलने श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव काढून टाकले. १९२२मध्ये गांधीजींचे नाव काढले, ते परत घातले १९८८मध्ये, आणि कृष्णवर्मांचे २०१५मध्ये. यांतल्या कुणीही परीक्षेत कॉपी केली नव्हती. चारित्र्य तपासणाऱ्याचे चारित्र्य कोण तपासणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आणि महाराष्ट्रात परीक्षेतला गैरप्रकार हा काही एकट्या गरीब घरच्या मुलीचा गुन्हा नाही. गैरप्रकार रोखण्यासाठी राज्याला १९८२मध्ये वेगळा कायदा करावा लागला. वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांतल्या फेरफाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचे ताशेरे आल्यावर १९८६मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. मार्च १९९०च्या दहावीच्या परीक्षेत २८३ विद्यार्थ्यांच्या गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१मध्ये न्यायालयाने मंडळाची कारवाई उचलून धरली आणि सांगितले की अशा चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. १९९९मध्ये नागपूर विद्यापीठातला बनावट गुणपत्रिका आणि फेरमूल्यांकनात गुण वाढवण्याचा घोटाळा बाहेर आला. त्याचे खटले दहा वर्षांहून अधिक चालले. गोंदिया जिल्ह्यातली महाविद्यालये याच विद्यापीठाखाली येतात.

या यादीपुढे कंपासपेटीतली चिठ्ठी लहानच आहे. पण लहान आहे म्हणून ती नव्हती असे होत नाही. उलट, लहान आहे म्हणूनच ती सांगता येण्यासारखी आहे.

दोन विद्यार्थी, एकच गुन्हा

भावाला उत्तर द्यायचे तर दुसऱ्या देशांतली उदाहरणे बघावी लागतात, कारण अर्ज तिकडचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन विद्यार्थ्यांचे प्रकरण आले. दोघांनी मिळून एक असाइनमेंट केली होती आणि दोघांना त्यात शून्य मिळाले होते. वकिलीत प्रवेश मागताना एकाने झाले ते पूर्ण सांगितले. दुसऱ्याने ते सौम्य करून, वेगळ्या रंगात सांगितले. ज्याने पूर्ण सांगितले त्याची वाट बंद झाली नाही. दुसऱ्याला प्रवेश मिळून गेला होता, तो न्यायालयाने रद्द केला. चूक सारखी आणि शिक्षाही सारखी होती. फरक पडला तो सांगण्यात.

पण सांगितले की सगळे सुरळीत होते, असे खोटे आश्वासनही मी देणार नाही. क्वीन्सलँडमध्ये २००४मध्ये एकदाच नक्कल केलेल्या उमेदवाराला न्यायालयाने सहा महिने थांबवले. २००६मध्ये वारंवार नक्कल केलेल्या उमेदवाराला नाकारले, कारण आपण काय केले याची जाणीवच तिच्यात दिसली नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९८८मध्ये एका विद्यार्थ्याने शोधनिबंधात दुसऱ्यांचे लिखाण उतरवले होते. त्याने ते कबूल केले होते आणि परिणामही भोगले होते. न्यायालयाने त्याला वकिलीत घेतले. जो बायडन यांनी १९६५मध्ये कायद्याच्या पहिल्या वर्षाला एका निबंधात दुसऱ्याच्या लेखाची पाने नाव न देता वापरली होती. ते प्रकरण १९८७मध्ये, ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा, सगळ्या देशासमोर आले. बावीस वर्षांनी. कागद मरत नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतात वकिलीची सनद घेताना मुख्य प्रश्न फौजदारी गुन्ह्याचा असतो. १९६१च्या अधिवक्ता कायद्यातील कलम २४अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. कायद्यानेच तौबेला मुदत घालून दिली आहे. सप्टेंबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्यावरील फौजदारी प्रकरणे जाहीर करावीत असे परिपत्रक काढले. दोन्हींचा रोख गुन्ह्यांवर आहे, परीक्षेतल्या चिठ्ठीवर नाही.

माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाची वाटचाल मात्र इथे उपयोगी आहे. २००३मध्ये केंद्रीय विद्यालयाच्या एका शिक्षकाने आपल्यावरील चालू खटला लपवला म्हणून त्याची नोकरी गेली, आणि ते न्यायालयाने योग्य ठरवले. २०११मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होणाऱ्या एका तरुणाने जुने भांडणाचे प्रकरण सांगितले नव्हते. न्यायालयाने त्याच्या त्या वेळच्या कोवळ्या वयाकडे पाहून त्याला माफ केले. हे दोन टोकांचे निकाल २०१६मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी एकत्र बसवले. किरकोळ, तरुणपणीची चूक लपवली असेल तर ती दुर्लक्षिता येते. खरे सांगितले तरी मालकाला विचार करण्याचा अधिकार राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे स्पष्टपणे विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. हे निकाल नोकरीचे आणि फौजदारी प्रकरणांचे आहेत, शैक्षणिक गैरवर्तनाचे नाहीत. तरी त्यातला विवेक इथेही लागू पडतो: विचारले तर सांगा, नाही विचारले तर ओढवून घेऊ नका.

संस्थांचेही कर्तव्य आहे. उत्तर प्रदेशच्या इंटरमीजिएट परीक्षेत गैरमार्गाचा ठपका ठेवून मंडळाने तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचे म्हणणे न ऐकता रद्द केले होते. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षा करण्यापूर्वी विद्यार्थ्याला बाजू मांडू दिलीच पाहिजे. आज कॉपी केस झालेल्या किती मुलांना हा हक्क माहीत असतो? घाबरून कोऱ्यासारख्या कागदावर सही करून देणारी मुले आपल्या गावागावांत आहेत. ज्याला अर्जात खरे लिहायचे आहे, त्याच्यापाशी त्या कारवाईचा आदेश, तारीख आणि निकाल यांचे कागद असायला हवेत. नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून लेखी मागून घ्यावेत.

मग काय लिहायचे?

मी मुलीला जे सांगितले ते असे. हा रकाना नसलेल्या अर्जात काहीही लिहू नकोस, तिथे अम्मी बरोबर आहे. या अर्जात स्पष्ट विचारले आहे, म्हणून लिही, इथे अब्बू बरोबर आहेत. कोणत्या वर्षी, कोणत्या परीक्षेत, काय सापडले, काय शिक्षा झाली, पुढच्या वर्षी काय निकाल आला. एवढे चार-पाच ओळींत. पथकाला दोष नको, घरची गरिबी पुढे करायला नको, रडगाणे नको. चिठ्ठी माझीच होती, हे वाक्य त्यात हवे. अर्ज पाठवण्यापूर्वी त्या विद्यापीठाचा नियम नीट वाच आणि शंका असेल तर त्यांच्या प्रवेश कार्यालयाला नाव न सांगता विचार. जे इथे लिहिशील, तेच पुढे वकिलीच्या परवान्याच्या अर्जातही लिही. दोन कागदांत दोन गोष्टी असल्या, तर खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

भावासाठी एवढेच. नाव वाचून दोनदा बघणारे लोक आहेत, हे खरे. पण म्हणूनच आपल्या मुलांच्या कागदात नंतर कुणाला सापडेल असे काही राहू नये. जे आपण स्वतः सांगितले, ते कुणी ‘उघडकीस’ आणू शकत नाही. कदाचित ते विद्यापीठ तिला घेणार नाही. मग एक दार बंद होईल. लपवून मिळालेल्या दाराआड मात्र आयुष्यभर कुणीतरी कडी वाजवेल, ही धास्ती राहील. वीस वर्षांनी, एखाद्या मोठ्या खटल्यात, समोरचा वकील ती गुणपत्रिकेतली फट दाखवून विचारेल, तेव्हा ती अशिलाच्या वतीने न्यायालयात उभी असेल आणि नुकसान एकटे तिचे नसेल.

हजरत अबू बकरा यांच्याबद्दल फुकहांत आणि मुहद्दिसांत बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या साक्षीचे काय करायचे, यावर आजही मदरशांत चर्चा होते. पण त्यांनी आपल्यावरची शिक्षा कधी लपवली, असे कुणी म्हटलेले नाही. शिक्षा सगळ्यांना माहीत होती, आणि तरीही त्यांच्याकडून हदीस घेणाऱ्यांनी घेतल्या. ज्या समाजाला माणसाची चूक ठाऊक असते आणि तरी तो त्याचा शब्द ऐकून घेतो, त्या समाजातच मुलांना खरे लिहिण्याची हिंमत होते. अर्जुनी मोरगावात असो की परदेशात, रकाना भरणाऱ्याने खरे लिहावे, ही अर्धी गोष्ट झाली. वाचणाऱ्याने ते इन्साफाने वाचावे, ही उरलेली अर्धी.